आठ दिवस हात मोकळे

"आजी, तुमचे ठसे झिजलेत."

एवढं एकच वाक्य. म्हणणारा मुलगा विशी-बाविशीचा, बोलायला मऊ. आईला हयातीचा दाखला काढायचा होता. विडी कामगार म्हणून तिला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन मिळते, महिन्याला हजारावर थोडी. २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन १,००० रुपये झाली, त्याच्या आसपासची. तेवढ्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सांगायला जावं लागतं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, वर काच, काचेखाली लाल उजेड. उजवा अंगठा ठेवला, यंत्राने नाही म्हटलं. डावा ठेवला, नाही. तर्जनी ठेवली, नाही. मुलाने ओल्या फडक्याने बोटं पुसली, मग कोरड्या फडक्याने पुसली. "बोट जरा केसांवरनं फिरवा आजी, तेल लागू दे," म्हणाला. आईने आज्ञाधारकपणे डोक्यावरून अंगठा फिरवला आणि परत काचेवर टेकवला. मागे रांग वाढत होती. नऊ वेळा झालं. मग तो ते वाक्य म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, "तोंडाचा फोटो घेऊन पण होतं आता. मोबाईलवरच. डोळे मिचकावायचे फक्त."

मी हो म्हणणार होते. आईच म्हणाली, "तोंड नको बाबा. हातच बग. पेन्शन हातानं कमावलीय, तोंडानं न्हाई."

मुलगा जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग आठ-दहा दिवस हाताला काम देऊ नका. मोकळे ठेवा. येतात रेषा परत. या मग."

सोलापूरच्या अशोक चौकातून विडी घरकुलाकडे जाणाऱ्या सीटवरच्या रिक्षात आम्ही दोघी बसलो. आईने दोन्ही अंगठे एकमेकांवर घासले, डोळ्यांजवळ नेले, आणि हात मांडीवर ठेवून दिले. "इठोबाचे पाय झिजले म्हनं, त्यास्नी लेप लावत्यात," ती म्हणाली, "माझ्या आंगठ्याचं काय घिऊन बसलीस." हे ती मला समजावायला म्हणाली, कारण चेहरा माझा पडला होता, तिचा नाही. दाखला मिळाला नाही याचं मला फारसं वाटलं नव्हतं, तो आज ना उद्या मिळणारच होता. मला खुपत होता तो शब्द. मुलगा 'ठसे येत नाहीत' म्हणू शकला असता, 'पुसट आहेत' म्हणू शकला असता. तो झिजलेत म्हणाला. आमच्या घरात हा शब्द चपलांना वापरला गेला, गुडघ्याला वापरला गेला, सहाणेला, मंगळसूत्राच्या वाट्यांना, बाबांच्या मागाच्या सुट्या भागांना. आईच्या बोटांना तो लावायचा हे घरातल्या कुणालाच कधी सुचलं नव्हतं. एका अनोळखी मुलाने तो सहज लावला, आणि बरोबर लावला.

मराठी या बाबतीत फार काटेकोर आहे. प्रत्येक वस्तूची संपण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून क्रियापद वेगळं. कापड विरतं. लोखंड गंजतं. लाकूड किडतं किंवा कुजतं. रंग विटतो, आणि मन पण विटतं. भिंतीचा गिलावा झडतो. माणूस आजाराने खंगतो. झिजतं ते मात्र कशावर तरी घासल्यावरच. झिजायला दुसरं कुणीतरी लागतं. चप्पल रस्त्यावर झिजते, साबण अंगावर झिजतो, खडू फळ्यावर झिजतो. आमच्या सोलापुरी चादरीचंच बघा. ती आधी विरते. पहिली चार-पाच वर्षं तर ती नुसती मऊ होत जाते, नव्या चादरीचा तो खरखरीत जडपणा जाऊन हिवाळ्यात अंगाला बिलगायला लागते, आणि मग एके दिवशी उजेडासमोर धरली की मधल्या भागात जाळी दिसते. तेव्हा ती गोधडीच्या पोटात जाते. गोधडीतून निघाली की पायपुसणं होते, आणि पायपुसणं झाल्यावर, उंबऱ्याशी रोजच्या पायांखाली, ती खऱ्या अर्थाने झिजायला लागते.

बाबा जॉबर होते, माग दुरुस्त करून चालते ठेवणारे. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यांत. त्यांच्या खिशात नेहमी काहीतरी झिजलेलं असायचं. मला आठवतो तो पिकर. मागावर आडवं सूत नेणारा धोटा मिनिटाला शंभराच्या वर वेळा इकडून तिकडे जातो, आणि दोन्ही टोकांना त्याला जो ढकलतो तो पिकर. तेव्हा तो म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असायचा, पिवळट, शिंगासारखा कडक. धोट्याचं टोक त्याच्यावर त्याच जागी आदळत राहायचं आणि तिथे हळूहळू खळगा पडायचा. नव्या पिकरावर तो खळगा नसतो म्हणून धोटा नीट बसत नाही, आणि जुन्यात तो फार खोल झाला की धोटा वाकडा सुटतो, कधी मागाबाहेर उडतो. बाबा अंगठ्याच्या पेराने त्या खळग्याची खोली बघायचे आणि सांगायचे, "अजून पंधरा दिवस." किंवा, "आज बदला." त्यांचा अंदाज चुकलेला मी ऐकला नाही. झीज किती झाल्यावर वस्तू कामाची होते आणि किती झाल्यावर निकामी होते, या दोन खुणांच्या मधलं अंतर ओळखणं हेच त्यांचं कसब होतं. शाळेत मी एकदा सांगितलं होतं की माझे वडील झीज बघतात. बाईंना वाटलं डॉक्टर असावेत.

पाट्याचंही असंच. शेंगाचटणी उखळात कुटायची, पण रोजचं वाटण पाट्यावर. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की वरवंटा नुसता घसरतो, मिरची वाटली जात नाही, पसरते. मग गल्लीत हाक यायची, "पाटा टाकवायचा का, जातं टाकवायचं का?" एक बाई छिन्नी-हातोडी घेऊन दारात बसायची आणि अर्ध्या तासात पाट्यावर बारीक खड्डे पाडून द्यायची. दगडाची भुकटी आणि त्या भुकटीचा जळकट वास. पहिल्या दिवशीचं वाटण फेकून द्यावं लागायचं, कचकच लागायची. पण पाटा परत धरायला लागायचा. झिजलेल्या दगडाला पुन्हा खरखरीत करायचं कसब माणसाकडे होतं, त्याला स्वतंत्र शब्द होता, तो करणारी माणसं दारावर येत होती. रिक्षातून उतरताना माझ्या डोक्यात हेच होतं. आईचा अंगठा टाकवून आणता येत नाही.

शेजारच्या अक्काला सांगितलं. अक्का पद्मशाली विणकर समाजातली, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. तिने आईचा हात हातात घेतला, अंगठा उलटसुलट केला आणि म्हणाली, "अरिगिपोयिंदि." हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. चपला झिजल्या की 'चेप्पुलु अरिगिपोयायि'. पण जेवण पचलं नाही की हीच अक्का म्हणते, "अरगलेदु." तेलुगूत झिजणं आणि पचणं एकाच क्रियापदात आहे. पोटात गेलेला घास झिजतो म्हणून तो पचतो, अंगी लागतो. मला हे फार मोठं वाटतं. झीज म्हणजे नुसतं जाणं नाही, कुणाच्या तरी अंगी लागणं, हे तिथल्या रोजच्या बोलण्यातच आहे, त्यासाठी कवी व्हावं लागत नाही. अक्कलकोटकडची आमची एक मावशी कानडी बोलते, ती अशा वेळी 'सवेदु होय्तु' म्हणते. आणि गल्लीच्या टोकाचे चाचा 'घिस गया' म्हणाले असते. सोलापुरात एका अंगठ्याची विचारपूस चार भाषांत होते. चारही घरांत कुणी ना कुणी घासून काम करणारं आहे, म्हणून शब्द शोधायला कुणालाच थांबावं लागत नाही.

आपल्या शब्दाचं मूळ मला फार उशिरा कळलं. संस्कृतातल्या 'क्षि' धातूचं 'क्षीयते', त्याचं प्राकृतात 'झिज्जइ', त्यावरून आपलं झिजणं. क्षचा झ होण्याची ही वाट मराठीला सवयीची, क्षरणाचं झरणं झालं तेही असंच. म्हणजे झीज आणि क्षय सख्खे. डॉक्टर ज्याला क्षय म्हणतात, ज्याच्या नावाने कापसाच्या आणि तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या वस्त्या अजून दचकतात, तो शब्द आणि आईच्या अंगठ्याचा शब्द एकाच पोटचे. पंचांगातली क्षयतिथी त्याच घरची. आणि अक्षय्य तृतीयेतला 'अक्षय्य'ही तिथलाच. ज्या दिवशी सोन्याच्या दुकानांत रांगा लागतात त्या दिवसाच्या नावाचा अर्थ, सरळ मराठीत, न झिजणारी तीज.

सोनं मात्र झिजतं. बाबांच्या आजारपणात आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या मोडायला आम्ही नव्या पेठेत गेलो होतो. पावतीवर लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत फरक आला. सराफ सरळ माणूस, त्याने जुनी पावती बघितली, वाट्या बघितल्या आणि म्हणाला, "तीस वर्षांची झीज आहे ताई, घातलेलं सोनं आहे." त्या शेवटच्या शब्दांनी मला धीर आला होता. कपाटात ठेवलेलं सोनं झिजत नाही. हे घातलेलं होतं. ती कमी भरलेली गुंज-दोन गुंज कुठे गेली असेल याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पदरात, उशीच्या अभ्र्यात, माझ्या लहानपणीच्या गालावर, कडेवर घेतल्यावर वाटी रुतायची तिथे.

आता चंदनाकडे येते, कारण मराठीत झिजण्याचं बोलताना ते टळत नाही. 'मना चंदनाचे परी त्वां झिजावे', हे आपल्या कानांवर पाटी-पेन्सिलीच्या आधीपासून आहे. समर्थ ते मनाला म्हणतात, स्वतःच्या मनाला, हे मी मोठेपणी लक्षपूर्वक वाचलं. आपण ते दुसऱ्यांना लावतो. बाबा गेले तेव्हा श्रद्धांजलीचा मजकूर मीच लिहून दिला. त्यात 'कुटुंबासाठी चंदनासारखे झिजले' असं होतं. लिहिताना रडले, छापून आल्यावर परत रडले. आमच्या देव्हाऱ्यात आजोबांची सहाण आहे, पंढरपुराहून आणलेली. तिच्यात मधोमध खोलगट वर्तुळ पडलंय, पाणी ठेवलं तर चमचाभर मावेल एवढं. चंदनाच्या खोडांमागून खोडं संपली, त्यांचं कौतुक झालं. सहाणही तेवढीच वर्षं झिजली आहे, तिला वास नाही म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. पण मला खुपतंय ते याहून वेगळं आहे, आणि ते व्याकरणात आहे. झिजणं हे अकर्मक क्रियापद. बाबा झिजले. आई झिजली. वाक्य तिथेच पूर्ण होतं, पुढे काही विचारायला जागा राहत नाही. झिजवणं हे त्याचं प्रयोजक रूप, ते आपल्याकडे आहे, रोजच्या वापरात आहे. पण बघा आपण ते कुठे वापरतो. त्याने चपला झिजवल्या, तिने उंबरठे झिजवले, हाडं झिजवली, काया झिजवली. झिजवणारा आणि झिजणारा दरवेळी एकच. माणूस स्वतःच स्वतःला झिजवतो. 'गिरणीने बाबांना झिजवलं' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, तरी ते कुणी बोलत नाही. मी श्रद्धांजलीत ते लिहिलं असतं तर नातेवाईक म्हणाले असते, हे काय लिहिलंस.

उंबरठे झिजवण्याचं तर मी डोळ्यांनी बघितलंय. आईच्या नावात घोळ होता. एका कागदावर माहेरचं नाव, एकावर सासरचं, जन्मतारीख तिन्ही कागदांवर वेगळी. तिची पेन्शन सुरू व्हायला तीन वर्षं गेली. एका कार्यालयातून दुसऱ्या, तिथून परत पहिल्या. त्या कार्यालयाच्या पायरीला चकचकीत काळा ग्रॅनाईट होता, त्याच्यावर आमच्या येण्याजाण्याचा ओरखडाही उठला नाही. म्हण तयार झाली तेव्हा उंबरठे लाकडाचे असतील, येणाऱ्याचं येणं थोडंफार तरी त्यांच्यावर उमटत असेल. आमच्या वेळी झिजल्या त्या चपला, आणि आईचे गुडघे, जे आधीच अर्धे झाले होते.

मी हिशेब लिहायचं काम करते. सोलापुरातल्या छोट्या कारखानदारांची वर्षाखेरची पत्रकं तयार करते, आणि त्यात एक रकाना असतो घसाऱ्याचा. हा शब्द मला फार आवडतो. ताळेबंद म्हणा, घसारा म्हणा, हिशेबाच्या वहीत एवढे रांगडे शब्द कुठून आले असतील असं वाटतं. यंत्रमाग वापरला की त्याची किंमत दर वर्षी उतरते, आणि ती उतरलेली रक्कम मालकाने खर्च म्हणून दाखवायची असते. प्राप्तिकरात सर्वसाधारण यंत्रांना १५ टक्के, फर्निचरला १० टक्के. लाखाचा माग पहिल्या वर्षअखेर ८५,०००, दुसऱ्या वर्षअखेर ७२,२५०, दहा वर्षांनी १९,६८७. उरलेल्या रकमेवर टक्केवारी लागत जाते, म्हणून हा आकडा कधी शून्य होत नाही. कितीही वर्षं काढा, काहीतरी उरतंच. यात मला नेहमी एक माया दिसायची, की कागदावर तरी यंत्र पूर्ण संपू देत नाहीत. त्या दिवशी रात्री मी सवयीने आईचा हिशेब मांडला. अकराव्या वर्षी तिने पहिली विडी वळली. पन्नास वर्षं धरली, वर्षाचे अडीचशे दिवस, दिवसाला सरासरी सातशे. भरात असताना ती हजार वळायची, आजारपणात तीनशे, म्हणून सातशे. सत्त्याऐंशी लाख पन्नास हजार. एवढ्या वेळा त्या अंगठ्याने तेंदूचं पान तर्जनीवर दाबून पुढे ढकललंय. मागाला ज्या कायद्याने घसारा मिळतो तो मी पाठ सांगू शकते. अंगठ्यासाठी त्यात रकाना नाही.

त्या सातशेमध्ये माझ्या फीचा हिशेब होता. वाणिज्य शाखेची तीन वर्षं, मग टायपिंग, मग संगणकाचा कोर्स. परीक्षेच्या महिन्यात आई रात्रीही वळायची. मी अभ्यास करत बसलेली, ती समोर सूप मांडीवर घेऊन, दिव्याकडे पाठ करून, म्हणजे उजेड माझ्या वहीवर पडेल. अंधारात बोटांना सवयीने सगळं कळायचं. तंबाखूच्या वासाने मला शिंका यायच्या आणि मी तिला म्हणायचे, "जरा लांब बस ना." ती लांब बसायची.

'मी आईला झिजवलं.' हेही वाक्य शुद्ध आहे.

ते लिहायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. चंदनाची उपमा हाताशी असली की हे वाक्य लिहावं लागत नाही, मला वाटतं ती उपमा इतकी आवडती होण्याचं हेही एक कारण असेल. चंदन आपणहून झिजतं असं आपण मानतो. खरं तर त्याला हातात धरून कुणीतरी दगडावर घासत असतं, आणि तो हात त्या श्लोकात दिसत नाही. अर्थात आईला हे सांगितलं तर ती चिडेल. "मुलासाठी नाय झिजायचं तर कशासाठी झिजायचं," म्हणेल, आणि तिच्या बाजूनेही ते खरं आहे. तिला झिजण्यात कमीपणा वाटत नाही. रिक्षात तिने पंढरीचं नाव काढलं ते उगीच नाही. पदस्पर्शाने, लाखो कपाळांनी, पूजेच्या पंचामृताने विठ्ठलाच्या पायांची झीज झाली. २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाउनमुळे मंदिर बंद होतं तेव्हा, मूर्तीला वज्रलेप केला. त्या पायांना झिजवणारे सगळे विठ्ठलावर जीव असलेलेच होते. वारकऱ्याला आपण देवाला झिजवलं असं वाटत नाही, आणि देवाने पाय मागे घेतलेले नाहीत. आई स्वतःला त्या रांगेत बसवते तेव्हा मी काय बोलणार. मला मात्र कपाळ टेकवणाऱ्यांच्या बाजूने बघावं लागतं.

आठ दिवस हात मोकळे ठेवायचे म्हणजे काय, हे त्या मुलाला माहीत नसणार. आई आता स्वतःच्या नावावर वळत नाही, अक्काच्या सुपातल्या शे-दोनशे वळून देते, पण सकाळी उठून पानं कापल्याशिवाय तिला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. मी रजा टाकून तिथेच राहिले. भांडी मी घासली, भाकरी मी थापल्या, माझ्या भाकरीला तिने नावं ठेवली नाहीत. पहिल्या दिवशी ती दारात बसून राहिली. हात मांडीवर, पालथे. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर ती झोपली होती आणि झोपेत उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवरून पुढे सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. पान भरायचं, गुंडाळायचं, दोरा फिरवायचा, नखाने तोंड मुडपायचं. चारही हालचाली त्याच क्रमाने. मी शेजारी बसून मोजल्या.

तिच्या गुडघ्यांवर मी रात्री तेल लावायचे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं होतं, "गादीची झीज आहे, ही भरून येत नाही." तिथे रक्त पोचत नाही, म्हणून. कातडीचं तसं नाही. वरचा थर महिनाभरात नवा येतो आणि ठशाची नक्षी खाली खोल असते, आईच्या पोटात असतानाच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत, ठरून गेलेली. वर कितीही घासलं तरी खालचा साचा शाबूत. हात थांबला की ती पुन्हा वर येते, म्हातारपणी कातडी सैल होते म्हणून पुसट येते, पण येते. हे वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं. सत्त्याऐंशी लाख विड्यांच्या खाली माझ्या आजीच्या पोटातल्या त्या नक्षीला धक्का लागलेला नव्हता. ती फक्त मोकळ्या हाताची वाट बघत होती, आणि पन्नास वर्षांत हात सलग आठ दिवस मोकळा राहिला नव्हता. बाळंतपणातही नाही. मी विचारलं. "तू पाच दिवसांची हुतीस तवा सूप घेतलं," म्हणाली.

पाचव्या दिवशी तिची बोटं दुखायला लागली. कामाने कधी दुखली नव्हती. अक्का संध्याकाळी येऊन बसायची, आणि तिच्या सुपाकडे आई बघायची नाही. आठव्या दिवशी चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी आलं आणि मी आंघोळीला होते म्हणून तिने दोन घागरी भरल्या. बाहेर आल्यावर मी रागावले. तिने शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पुढे करून दाखवले, "आंगठा न्हाई लावला, बग. बोटांवर उचलल्या."

अकराव्या दिवशी गेलो. तोच मुलगा. त्याने ओळखलं. उजवा अंगठा, नाही. डावा, नाही. आईचा श्वास मला ऐकू येत होता. मुलाने या वेळी घाई केली नाही, एकेक बोट स्वतः धरून काचेवर ठेवलं. डाव्या हाताच्या अनामिकेला यंत्राने होकार दिला. पडद्यावर हिरवी खूण आली आणि तो मोठ्याने म्हणाला, "आलं आजी!" मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी बायकाही हसल्या.

आईने ते बोट वर करून बघितलं. विडी वळताना डाव्या हाताची अनामिका बाजूला उभी असते, तिला पान लागत नाही, दोरा लागत नाही. "ह्यानं जल्मात काय केलं न्हाई," ती म्हणाली, "आनि त्येचंच चाललं." मग त्या मुलाला म्हणाली, "आंगठा अजून एकदा बगतोस का बाबा? आसंच." त्याने बघितला. नाही म्हणाला.

संध्याकाळी घरी मी तिचा अंगठा मोबाईलच्या उजेडात धरला. मधला भाग तसाच, काचेसारखा, एक जुना कापल्याचा वण तेवढा आडवा. पण डाव्या कडेला, नखाच्या बाजूने खाली, केसासारख्या बारीक चार-पाच रेषा आल्या होत्या. आधी होत्या का ते मला सांगता येणार नाही, मी तो अंगठा इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता. एकमेकींना धरून वळणाऱ्या, वाऱ्याने वाळूवर काढाव्यात तशा. मी मोजायला लागले. आईने हात सोडवून घेतला.

"सोड गं. अक्कानं पानं भिजवल्यात, वाळून जातील."